वाढत्या वयात गुडघ्याची वाटी निखळते: ऑपरेशन आता की वाढ थांबल्यावर?

प्रश्न: माझी मुलगी साडेबारा वर्षांची आहे. गेल्या 14 महिन्यांत तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी तीनदा बाहेरच्या बाजूला निखळली. पहिल्यांदा व्हॉलीबॉल खेळताना, नंतर दोनदा नुसतं वळताना. पहिल्या वेळी एमआरआय केला होता, त्यात सुटा तुकडा नाही असं आलं. आता तीन डॉक्टरांची तीन मतं आहेत. पहिले म्हणतात, वाढ पूर्ण होईपर्यंत पट्टा लावून थांबा, नाहीतर पायाची वाढ बिघडेल. दुसरे वाटीला आतून धरणारं लिगामेंट नव्यानं करा म्हणतात, शिवाय गुडघे 9 अंश आत झुकलेत म्हणून एक छोटी प्लेटही. तिसरे म्हणतात, दुर्बिणीतून बाहेरची बाजू सैल केली की झालं, एवढ्याशा मुलीला मोठं ऑपरेशन कशाला. रिपोर्टवर टीटी-टीजी 19 मिमी, कॅटन-देशां 1.3 आणि डेजूर बी असं लिहिलंय. पाळी अजून आलेली नाही. डावा गुडघा आजवर कधी निखळलेला नाही. काय करावं? – एक आई

उत्तर: ताई, तिसरं मत आधी बाजूला ठेवा. वाटीच्या बाहेरच्या अंगाचा पडदा नुसता कापून सोडायचा, म्हणजे लॅटरल रिलीज, हा वाटी निखळण्यावरचा उपाय म्हणून मागे पडला त्याला बराच काळ झाला. ऐकायला पटतं खरं, बाहेर ओढणारं सैल केलं की ओढ संपली. पण तुमच्या मुलीची वाटी बाहेर जाते ती आतली बाजू धरत नाही म्हणून. बाहेरचा पडदा वाटीला थोडाफार आधारच देत असतो. तो एकटाच कापला तर वाटी पूर्वीपेक्षा मोकळी होते आणि काही जणांत चक्क आतल्या बाजूलाही घसरू लागते. पडदा खरोखर आखडलेला असेल तर दुसऱ्या ऑपरेशनच्या जोडीनं तो सैल किंवा लांब करतात, ते वेगळं. एवढं एकच करून घरी पाठवणार असतील तर नाही म्हणा.

उरलेल्या दोन मतांत आमचा कौल दुसऱ्या डॉक्टरांना आहे. मात्र त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात.

तुमचा एमआरआय पहिल्या वेळचा आहे. त्यानंतर वाटी आणखी दोनदा निखळली, म्हणजे तो रिपोर्ट आजच्या गुडघ्याबद्दल काही सांगत नाही. वाटी परत जागेवर येताना तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोळ्यावर आपटते आणि त्या धक्क्यानं कूर्चेचा, कधी हाडासकट, टवका उडतो. नुसत्या कूर्चेचा तुकडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. गुडघा मध्येच अडकत असेल, किंवा शेवटच्या वेळी तासा-दोन तासांत टम्म सुजला असेल, तर शंका जास्त. तुकडा सापडला तर सगळं वेळापत्रकच बदलतं. मोठा असेल आणि त्याला हाडाचा थर असेल तर पहिल्या काही आठवड्यांत तो विरघळणाऱ्या पिना किंवा बारीक स्क्रूनं जागेवर बसवता येतो. महिने उलटले की तुकडा फुगतो, त्याच्या कडा गोल होतात आणि मूळ जागेत तो बसत नाही. म्हणून नवा एमआरआय आधी, बाकी चर्चा नंतर.

दुसरी गोष्ट घरीही बघता येईल. तिला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा आणि गुडघा हळूहळू सरळ करून परत वाकवायला सांगा. सरळ होताना शेवटच्या टप्प्यात वाटी किंचित बाहेर उडी मारते, हे अशा मुलांत नेहमी दिसतं. पण दर वेळी वाकवताना वाटी बाहेर जात असेल आणि तुम्ही हातानं धरून ठेवल्यावर गुडघा पुढे वाकतच नसेल, तर तो निराळा आजार समजा. त्यात मांडीचा पुढचा स्नायू आखूड असतो. नुसतं आतलं लिगामेंट बांधून तिथे भागत नाही, ते ताणून तुटतं किंवा गुडघा वाकायचा थांबतो. स्नायू लांब करणं, बाहेरची बाजू मोकळी करणं असं मोठं काम एकत्र करावं लागतं. तुमच्या मुलीची वाटी खेळताना आणि वळताना निखळते, त्यामुळे ही शक्यता कमी. तरी सर्जननं हे तपासलं का, ते विचारा.

आता थांबण्याबद्दल. पहिल्या डॉक्टरांची भीती निराधार नाही. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी जी ग्रोथ प्लेट असते, तिच्यातून त्या हाडाची साधारण 70 टक्के लांबी येते, वर्षाला 9 ते 10 मिमी. तिला ड्रिलनं भोक पडलं, तिच्यातून स्क्रू गेला, तर पाय वाकडा वाढू शकतो किंवा आखूड राहू शकतो. नडगीच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यालाही स्वतःची वाढीची पट्टी असते. मोठ्या माणसांत तो उंचवटा कापून आतल्या बाजूला सरकवतात आणि स्क्रूनं बसवतात. वाढत्या मुलांत तसं केलं तर पुढची वाढ थांबते, मागची चालू राहते आणि गुडघा हळूहळू उलट्या बाजूला वाकू लागतो. मांडीच्या हाडावर वाटी ज्या खाचेत सरकते ती खोल करणारं ट्रॉक्लिओप्लास्टी हे ऑपरेशनही या वयात नको, कारण खाचेच्या लगत मागेच ग्रोथ प्लेट असते.

इतकी पथ्यं पाळूनही लिगामेंट नव्यानं करता येतं, आणि वाढ शिल्लक असलेल्या मुलांसाठी त्याच्या खास पद्धती आहेत. त्यामुळे थांबण्याचा सल्ला आम्हाला पटत नाही. पहिल्यांदाच वाटी निखळलेल्या मुलाला, सुटा तुकडा नसेल तर, आम्हीही थांबायलाच सांगतो. दोन-तीन आठवडे ब्रेस, मग तीन महिने नेटानं फिजिओथेरपी. एकदा निखळलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा पुन्हा निखळतो. पण ग्रोथ प्लेट उघडी आणि खाच उथळ, असं दोन्ही असेल तर हे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास जातं. तुमच्या मुलीत दोन्ही आहे आणि तीनदा निखळून झालंय. पट्टा लावल्यानं तिला थोडा धीर येईल, वाटी काही तो धरून ठेवत नाही. दर वेळी थोडी कूर्चा जाते, आणि गेलेली कूर्चा वाढ पूर्ण झाल्यावर परत येत नाही.

रिपोर्टवरच्या आकड्यांचा अर्थ थोडक्यात सांगतो. टीटी-टीजी म्हणजे खाचेचा तळ आणि नडगीवरचा उंचवटा यांच्यातलं आडवं अंतर. मोठ्यांत 20 मिमीच्या वर गेलं की जास्त मानतात. मुलांत गुडघाच लहान असतो आणि हे अंतर वयाबरोबर वाढतं, म्हणून साडेबाराव्या वर्षी 19 हे तसं जास्तच. तो आकडा एमआरआयवर काढलाय की सीटीवर, हेही बघा. एमआरआयवर तो काही मिलिमीटर कमी येतो. कॅटन-देशां हे वाटीच्या उंचीचं माप, 1.2 पर्यंत नेहमीचं. 1.3 म्हणजे वाटी जरा वर बसलेली आहे आणि गुडघा बराच वाकेपर्यंत ती खाचेत उतरतच नाही. एवढ्या उंचीसाठी वेगळं काही करावं लागत नाही, लिगामेंट केल्यावर वाटी थोडी खालीही येते. 1.4 च्या वर असती तर खालचा टेंडन, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणारी दोरीसारखी पट्टी, आखूड करायचा विचार झाला असता. डेजूर बी म्हणजे खाच जवळजवळ सपाट आणि तिच्या वरच्या तोंडाशी उंचवटा. लहान वयात वाटी जागेवर राहिली तर खाच थोडी सुधारलेली काही मुलांत दिसली आहे, पण त्या भरवशावर कुठलाही बेत आखू नये.

या सगळ्यात घाईची गोष्ट कुठली म्हणाल, तर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली छोटी प्लेट. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख शेपटासारखा आलाय, म्हणून मुद्दाम सांगतो. गुडघे आत झुकलेले असले की मांडीच्या स्नायूची ओढ वाटीला सतत बाहेर नेते. हा झुकाव तसाच ठेवून लिगामेंट बांधलं तर ते रोज ताण सोसत राहतं. वाढ शिल्लक असेपर्यंत तो फार सोप्या रीतीनं सरळ करता येतो: मांडीच्या हाडाच्या आतल्या अंगाला, ग्रोथ प्लेटच्या वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रू आणि त्यांना जोडणारी दोन भोकांची छोटी प्लेट. हाडावरच्या पातळ आवरणाला धक्का न लावता ती बाहेरून बसवतात. आतली वाढ रोखली जाते, बाहेरची चालू राहते आणि पाय सरळ होत जातो, महिन्याला साधारण पाऊण अंश. म्हणजे 9 अंशांना वर्षभर. मुलींची गुडघ्याची वाढ हाडाच्या वयानं 14 च्या सुमाराला संपत येते. पाळी आलेली नाही, तेव्हा तुमच्या हाताशी अंदाजे दीड-दोन वर्षं असतील. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघून घ्या, कारण ते जन्मतारखेपेक्षा वर्षभर पुढे-मागे असू शकतं. पंधराव्या वर्षी हाच झुकाव काढायचा झाला तर मांडीचं हाड कापून प्लेट लावावी लागते. थांबण्याची खरी किंमत ही आहे.

प्लेट ठरवण्याआधी कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा उभा एक्स-रे हवा आणि तो काढताना दोन्ही वाट्या समोर असायला हव्यात. तंत्रज्ञ पावलं जुळवून उभं करतात. वाटी वळलेली असेल तर फिल्मवर झुकाव आहे त्यापेक्षा कमी किंवा जास्त दिसतो आणि 9 अंश हा आकडाच डळमळतो. त्याच भेटीत पालथं झोपवून मांडीचं हाड किती पिळलेलं आहे तेही तपासून घ्यावं. पाय आतल्या बाजूला 70 अंशांच्या पलीकडे वळत असेल तर ते सर्जनच्या कागदावर लिहिलेलं असावं. प्लेट लागल्यावर दर तीन महिन्यांनी एक्स-रे. इथे घरचे लोक ढिले पडतात: मुलगी चालते-फिरते, दुखत काही नाही, मग तारीख चुकते आणि पाय सरळ होऊन उलट्या बाजूला बाकदार होऊ लागतो. पाय सरळ झाला की प्लेट काढतात. काढल्यावर वाढ बरीच शिल्लक असेल तर झुकाव थोडा परत येऊ शकतो, म्हणून वाढ थांबेपर्यंत लक्ष ठेवायचं.

लिगामेंटचं ऑपरेशन, म्हणजे एमपीएफएल रिकन्स्ट्रक्शन, दीड-दोन तासांचं. पूर्ण भूल आणि जोडीला मांडीतला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन. आधी दुर्बिणीतून कूर्चा बघतात. मग मांडीच्या आतल्या अंगाचा एक बारीक टेंडन, बहुधा ग्रॅसिलिस, छोट्या छेदातून काढतात. मूळ लिगामेंटपेक्षा तो मजबूत असतो आणि तो काढल्यानं चालण्या-पळण्यात कायमची उणीव राहत नाही. काही सर्जन मांडीच्या पुढच्या टेंडनची पट्टी वापरतात. तिचं एक टोक वाटीला जोडलेलंच राहतं, म्हणून वाटीत भोकं पाडावी लागत नाहीत. तुमच्या मुलीचे सांधे फार लवचीक असतील, अंगठा मनगटाला टेकत असेल, कोपर उलटं वाकत असेल, तर स्वतःचा टेंडन पुढे सैल पडण्याची धास्ती असते आणि दात्याचा टेंडन वापरायचा का, यावर बोलणं व्हायला हवं.

वाटीच्या बाजूला ग्राफ्ट, म्हणजे हा काढलेला टेंडन, आतल्या कडेच्या वरच्या अर्ध्या भागावर दोन अँकरनी (हाडात रुतवायच्या बारीक खिळ्यांनी) बसवणं आम्हाला बरं वाटतं. वाटीतून आरपार बोगदे काढले तर पुढे पडण्याझडण्यात तिथेच वाटी मोडते. मुलांची वाटी लहान, तिथे हा धोका आणखी मोठा.

खरं कसब लागतं ते मांडीच्या हाडाच्या बाजूला. मूळ लिगामेंटची जागा ग्रोथ प्लेटच्या अगदी जवळ असते, बहुतेक मुलांत काही मिलिमीटर खाली. ग्रोथ प्लेट सपाट नसते, वाडग्यासारखी वळलेली असते. त्यामुळे सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरायच्या एक्स-रे यंत्रावर, नुसतं बाजूनं बघितलं तर योग्य बिंदू ग्रोथ प्लेटवर किंवा तिच्या वर असल्यासारखा भासतो. त्या चित्रावर विसंबून कुणी बिंदू वर घेतला तर दोन चुका एकदम होतात. गुडघा वाकवताना ग्राफ्ट ताणला जातो आणि पुढे वाढ होईल तसतसं त्याचं टोक वर सरकत जाऊन तो आणखी आवळतो. उलट ग्रोथ प्लेटच्या धास्तीनं फार खाली घेतला तर वाकवताना ग्राफ्ट सैल पडतो. म्हणून समोरून आणि बाजूनं अशी दोन्ही चित्रं बघायची, बोगद्याची दिशा ठरवणारी बारीक तार ग्रोथ प्लेटच्या खाली आहे याची खात्री करायची आणि 5-6 मिमीचा आखूड बोगदा किंचित पुढे आणि खाली झुकवून काढायचा. मुलगी आणखी लहान असती तर बोगदा टाळून ग्राफ्ट ॲडक्टर मॅग्नस या मांडीच्या आतल्या स्नायूच्या टेंडनभोवती वळवून बांधायची पद्धत जास्त सोयीची ठरली असती. तुमच्या बाबतीतही तिचा विचार होऊ शकतो, कारण झुकाव काढणाऱ्या प्लेटचा खालचा स्क्रू आणि ग्राफ्टचा बोगदा ही दोन्ही त्याच एवढ्याशा जागेत यायची आहेत. दोन्ही एकाच भुलीत करणार असतील तर आधी काय बसवणार, स्क्रू आणि बोगदा एकमेकांना कसे चुकवणार, हे विचाराच. ज्यांनी हे आधी केलंय ते कागदावर रेघ ओढून दाखवतील.

ग्राफ्ट पक्का करण्याआधी गुडघा पूर्ण वाकवून-सरळ करून बघतात आणि साधारण 30 अंश वाकलेल्या स्थितीत तो बांधतात. यात ग्राफ्टचं काम दाव्याचं, कासऱ्याचं नव्हे: वाटी ठराविक हद्दीबाहेर जाऊ नये एवढंच, तिला आत ओढून आणायचं नाही. बांधून झाल्यावरही वाटी बोटानं थोडी बाहेर ढकलता आली पाहिजे. घट्ट म्हणजे पक्कं असं समजून कुणी आवळून बांधलं तर गुडघा वाकत नाही आणि आतल्या बाजूची कूर्चा दाबली जाऊन झिजते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, तरुण रुग्णांच्या 179 गुडघ्यांच्या आढाव्यात 16 टक्के गुडघ्यांना काही ना काही गुंतागुंत झाली होती. पुन्हा निखळणं, आखडणं, वाटीचं फ्रॅक्चर असे ते प्रकार, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या तांत्रिक कारणांनी घडलेल्या. म्हणून सर्जनला वर्षाकाठी ग्रोथ प्लेट उघडी असलेल्या किती मुलांवर हे ऑपरेशन करता, असं सरळ विचारायला संकोच करू नका.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. ब्लॉकमुळे पहिला दिवसभर मांडीत जोर नसतो, तेव्हा बाथरूमला एकटी सोडू नका. चालताना ब्रेस सरळ लॉक केलेला आणि कुबड्या, वजन मात्र सोसेल तितकं टाकू द्यायचं. तुकडा बसवला असेल तर हे नियम बदलतात. शाळा एक-दोन आठवड्यांत. गुडघा वाकवणं पहिल्याच आठवड्यात सुरू करायचं आणि सहा आठवड्यांत 90 अंश गाठायचे. तेवढे झाले नाहीत तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा. उशीर झालेला गुडघा भुलीखाली जोर लावून वाकवणं मोठ्यांत चालून जातं, मुलांत त्या जोरानं ग्रोथ प्लेटच मोडू शकते. पहिल्या दिवसांतला सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे मांडी आवळून पाय सरळ उचलणं. उचलताना गुडघा जरासुद्धा लटकला नाही की कुबड्या सुटायची वेळ जवळ आली. ग्रॅसिलिस काढला असेल तर मांडीची मागची बाजू महिनाभर दुखते, सहा आठवडे तिला वजन लावून व्यायाम नको. व्रणाच्या खाली थोडा भाग बधिर राहतो, तो चालायचाच. पण ताप, जखमेतून पाणी, पोटरीला सूज किंवा ब्रेस सैल करूनही न थांबणारी कळ आली तर त्याच दिवशी दवाखाना.

पळणं साधारण चार महिन्यांनी, व्हॉलीबॉलसारखा उड्या-वळणांचा खेळ 6 ते 9 महिन्यांनी. तोही कॅलेंडर बघून नाही: सूज नाही, गुडघा पूर्ण वाकतो आणि एका पायावरच्या उड्यांत उजवा पाय डाव्याच्या 90 टक्के तरी चालतो, एवढं झाल्यावर. कंबरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम मुलं हमखास टाळतात. उडी मारून उतरताना गुडघा आत कोसळतो तो हे स्नायू कमजोर असल्यामुळे, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून हा भाग मुद्दाम करून घ्या. ऑपरेशनची तारीख महिनाभर पुढची असेल तर हेच व्यायाम आजपासून सुरू करा. सूज उतरलेला, पूर्ण वाकणारा गुडघा टेबलावर गेला की नंतरचा त्रास निम्मा.

डाव्या गुडघ्याचंही लक्षात घ्या. झुकाव आणि उथळ खाच बहुधा दोन्हीकडे असते. वाटी कधी निखळली नसेल तर तिथे लिगामेंटचं ऑपरेशन करायचं नाही. पण पूर्ण पायाच्या एक्स-रेत डावीकडेही तेवढाच झुकाव दिसला तर प्लेट दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावणं योग्य, नाहीतर वर्षानं एक पाय सरळ आणि एक झुकलेला अशी स्थिती होईल आणि तेव्हा डावीकडे वाढ पुरेशी उरलेली नसेल.